बावन्नाव्या वर्षी घराचं कर्ज: बँक देईल, पण हप्ता कुठून जाईल?

कोल्हापुरात रंकाळा तलावावर सकाळी फिरायला येणारे एक हायस्कूलचे सर परवा शालिनी पॅलेसपासून राजघाटापर्यंत गप्प चालले आणि मग एकदम म्हणाले, "साहेब, बावन्न झाली. आता बँक दारात तरी उभं करंल काय?"

माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज खात्यात गेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही असे प्रश्न वाटेत भेटतात. सरांच्या शिवाजी पेठेतल्या वाड्याची भावाभावांत वाटणी झाली. त्यांच्या वाट्याला थोडी रोख रक्कम आली आणि फुलेवाडीकडचा एक फ्लॅट मनात भरलाय. वीस लाख कमी पडताहेत.

उशिरा घर घेणारे सर काही एकटे नाहीत. कुणाचं आयुष्य सरकारी क्वार्टरमध्ये गेलेलं असतं. कुणी मुलांची शिक्षणं आधी उरकतो. कुणी २०१९ चा पूर बघून ठरवतो, की आता उंचावर जायचं. त्यात कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून, म्हणजे ऑगस्ट २०२५ पासून, "जागेचे भाव आता थांबत नसतात" ही चर्चा प्रत्येक कट्ट्यावर आहे. पन्नाशीतला माणूस घाईला आला नाही तरच नवल.

सरांना मी सांगितलं ते असं: बँक देईल. तुम्ही विचारताय तो प्रश्न सोपा आहे. अवघड प्रश्न वेगळा आहे. निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्याचा हप्ता कुठून जाणार?

हंगाम सगळ्यांचा एकच

आपल्या भागात ऊस कळतो, म्हणून उसावरूनच सांगतो. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि सोळा-अठरा महिने रानात राहतो. सुरू ऊस जानेवारी-फेब्रुवारीत लागतो, त्याला बाराच महिने मिळतात. कारखान्याचा गळीत हंगाम मात्र दोघांना एकच. धुराडं पेटलं की दोघांची तोड. उशिरा लावलेल्याला वाढायला दिवस कमी, एवढाच फरक.

गृहकर्जाचं तसंच आहे. बँकेला तुमच्या वयाशी वैर नाही, तिला फक्त तोडणीची तारीख हवी असते. नोकरदाराच्या बाबतीत ती साधारण निवृत्तीची धरतात. निवृत्तीनंतरचं उत्पन्न कागदावर दाखवता आलं, तर बऱ्याच बँका सत्तरीपर्यंत आणि काही पंचाहत्तरीपर्यंत थांबतात. तिशीतल्या पोराला वीस-तीस वर्षांची मुदत मिळते. महाराष्ट्र शासनाचा बहुतेक नोकरवर्ग ५८ ला निवृत्त होतो, म्हणजे बावन्नच्या सरांच्या हातात पगाराची वर्षं सहाच.

दुसरी गोष्ट बँक बघते ती महिन्याची ओढाताण. सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या उत्पन्नाच्या साधारण निम्म्याच्या आत बसले पाहिजेत. बँकेगणिक हे प्रमाण थोडं इकडेतिकडे होतं. दुचाकीचा हप्ता, नोकरदारांच्या पतसोसायटीचं कर्ज, मुलीच्या लग्नाला काढलेलं पर्सनल लोन, हे सगळं त्यात येतं. सोसायटीची कपात पगारातूनच होते म्हणून ती कर्जात धरायची नाही, असा एक गोड गैरसमज मी वर्षानुवर्षं ऐकला.

गुजरीतल्या किंवा लक्ष्मीपुरीतल्या व्यापाऱ्याला निवृत्तीची तारीख नसते, म्हणून तो खुशीत असतो. त्याची अडचण निराळी. बँक गल्ला बघत नाही, प्राप्तिकराचं रिटर्न बघते. वीस वर्षं रिटर्नमध्ये उत्पन्न कमी दाखवून वाचवलेला कर कर्जाच्या टेबलावर नेमका आडवा येतो.

वीस लाखांचा हिशेब

समजा कर्ज २० लाख आणि व्याजदर ८.५ टक्के. मुदत वीस वर्षं असेल तर महिन्याचा हप्ता सुमारे १७,३५० रुपये. दहा वर्षं केली तर सुमारे २४,८००. आणि सरांसारखी सहाच वर्षं असतील तर सुमारे ३५,५५०.

हप्ता बघून सगळ्यांना वीस वर्षं बरी वाटतात. पण वीस वर्षांत व्याजच साडेएकवीस लाखांच्या वर जातं. दहा वर्षांत ते पावणेदहा लाखांच्या घरात राहतं. उशिरा कर्ज घेणाऱ्याला मुदत कमी मिळते हे खरं, पण तो व्याजही कमी भरतो. हे त्याला कुणी सांगत नाही.

आता सरांच्या डोक्यातला बेत बघा. सत्तरीपर्यंतची अठरा वर्षं घ्यायची, हप्ता १८,१०० च्या आसपास ठेवायचा, "मग बघू." पगारातून सहा वर्षं हप्ते गेले. एकूण भरले तेरा लाख. निवृत्तीच्या दिवशी बाकी किती? बहुतेक लोक अंदाजाने आठ-नऊ लाख सांगतात. खरी बाकी १६ लाख ३१ हजार. तेरा लाख भरून मुद्दल पावणेचार लाखांच्या आतच फिटलं. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातला मोठा घास व्याजाचा असतो, मुद्दल शेवटी शेवटी झपाट्याने उतरतं. लांब मुदतीच्या कर्जाची ही चाल ठरलेलीच असते. तरुण माणसाला शेवटची वर्षंही पगाराचीच असतात, म्हणून त्याचं निभावतं.

पेन्शन आहे की! पण कोणती?

"आम्हाला पेन्शन आहे" हे वाक्य कर्जाच्या टेबलावर तीन वेगवेगळी माणसं म्हणतात आणि तिघांचा अर्थ वेगळा असतो.

पहिला, राज्य शासनात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेला. त्याला जुनी पेन्शन, म्हणजे शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम आणि वर महागाईवाढ. बँकेच्या दृष्टीने हा सोन्यासारखा ग्राहक. पण इथे एक खाच आहे. बरेच जण निवृत्त होताना पेन्शनचा काही भाग विकतात. कागदोपत्री याला अंशराशीकरण म्हणतात: ४० टक्क्यांपर्यंत पेन्शन सोडून त्या बदल्यात एकरकमी पैसे घ्यायचे. मूळ पेन्शन ४०,००० असेल तर विक्रीनंतर मूळ २४,००० उरतं (महागाईवाढ मात्र पूर्ण ४०,००० वर मिळत राहते). विकलेला भाग पंधरा वर्षांनी पूर्ववत होतो. ५८ अधिक १५ म्हणजे ७३. कर्ज सत्तरीला संपणार आणि पेन्शन त्र्याहत्तरीला भरून येणार. हप्त्याची सगळी वर्षं कापलेल्या पेन्शनवरच काढायची. एकरकमी आलेला पैसा कर्जात भरणार असाल तर हे जुळतं. तो पैसा लग्नात आणि गाडीत जाणार असेल तर जुळत नाही.

दुसरा, त्या तारखेनंतर लागलेला, राष्ट्रीय पेन्शन योजनेतला. त्याच्या खात्यात रक्कम साठते आणि निवृत्तीला तिच्यातल्या किमान ४० टक्क्यांची वार्षिकी घ्यावी लागते. वार्षिकी म्हणजे एकदाच पैसे भरून दरमहा मिळणारी ठरावीक रक्कम. ती किती असेल हे आज छातीठोक सांगता येत नाही, म्हणून बँकही हात आखडता घेते.

तिसरा शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यातला. फाउंड्रीत तीस-बत्तीस वर्षं घाम गाळलेला माणूस. त्याची पेन्शन भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतली. तिच्यात पगार कमाल १५,००० रुपयेच धरला जातो, त्यामुळे जादा पेन्शनचा पर्याय न घेतलेल्याचा आकडा महिन्याला साडेसात हजारांच्या आसपास अडतो. बहुतेकांना त्याहून कमीच मिळते. या पेन्शनवर गृहकर्जाचा हप्ता उभा राहत नाही. अशा माणसाने निवृत्तीच्या आत फिटेल तेवढंच कर्ज घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. फंडाची रक्कम म्हातारपणची भाकरी आहे. ती घराच्या भिंतीत घालू नये.

काही बँका हप्ता दोन टप्प्यांत बांधून देतात: पगार आहे तोवर मोठा, पेन्शन सुरू झाली की लहान. शाखेत हे सहसा कुणी आपणहून सांगत नाही. विचारायला लागतं.

"पोराला सोबत घेतलं की झालं!"

कोल्हापुरात या प्रश्नावर हे हुकमी उत्तर. मुलगा पुण्यात आयटीत, पगार चांगला, त्याचं नाव घालू. त्याला सहकर्जदार म्हणतात, म्हणजे कर्जाची जबाबदारी दोघांवर सारखी. त्याचं उत्पन्न धरलं की कर्जाची रक्कम वाढते आणि मुदतही त्याच्या वयावर मोजली जाऊ शकते. बँका बहुधा अशा वेळी त्याला घराचा सहमालक करायला सांगतात.

बाप इथपर्यंतच बघतो, पोराला पुढचं दिसायला लागतं. हे कर्ज त्याच्या सिबिलमध्ये, म्हणजे बँका बघतात त्या कर्जाच्या नोंदवहीत, पूर्ण दिसतं, निम्मं नाही. दोन वर्षांनी त्याला हडपसरला स्वतःचा फ्लॅट घ्यायचा झाला, की तिथली बँक म्हणते, "तुमच्या नावावर आधीच वीस लाख आहेत." ज्या घरात तो दिवाळीपुरता येणार, त्यापायी त्याचं राहतं घर अडतं. सुनेला हे आधी माहीत नसेल तर पुढचं रामायण मी सांगायला नको.

आणि दुसरं अपत्य असेल तर? एक मुलगा सहमालक झाला, हप्तेही त्यानेच भरले. उद्या बहीण बापाच्या हिश्श्यात आपला वाटा मागेल, आणि कायद्याने तो तिचा आहेच. वाड्याची वाटणी आत्ता डोळ्यांदेखत झालेली असताना नव्या फ्लॅटमध्ये तोच गुंता पेरू नये. मालकीत कुणाचा किती हिस्सा हे खरेदीखतात लिहावं आणि आपल्या हिश्श्याचं मृत्युपत्र करून ठेवावं.

जाता जाता जामीनदाराबद्दल. "नुसती सही हाय" म्हणून आपल्याकडे तालमीतल्या मित्रासाठी माणूस जामीन राहतो. कायद्याच्या लेखी जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा मगच माझ्याकडे या, असं त्याला म्हणता येत नाही. साठीच्या मित्राला जामीन राहणारा मित्रही साठीचाच असतो, हे दोघांनी एकदा बसून आठवावं.

"व्याजदर उतरलेत, मग भीती कसली?"

रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने थोड्या मुदतीसाठी पैसे देते तो दर, २०२५ च्या सुरुवातीला ६.५ टक्के होता. जूनपर्यंत तो ५.५ वर आला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी नव्याने दिलेली बदलत्या दराची गृहकर्जं अशा बाहेरच्या दराला बांधलेली असतात आणि बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपोच निवडलाय. म्हणून तो उतरला की आपलं व्याज उतरतं. तो चढतोही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत तो ४ वरून ६.५ झाला होता.

त्या चढणीत काय झालं ते समजून घेण्यासारखं आहे. समजा कुणी ६.७५ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी नुकतेच २० लाख घेतले होते, हप्ता १५,२०० च्या आसपास. दर ९.२५ झाला, तेव्हा महिन्याचं नुसतं व्याजच १५,४०० च्या वर गेलं. हप्ता भरूनही कर्ज वाढायला लागलं! बँका अशा वेळी हप्ता तोच ठेवून मुदत लांबवत होत्या आणि अनेकांना ते कळतही नव्हतं. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बजावलं, की दर बदलताना ग्राहकाला सांगा आणि हप्ता वाढवायचा की मुदत, हे त्याला निवडू द्या.

साठीकडे झुकलेल्या माणसाला ही निवड नावापुरतीच. त्याची मुदत आधीच वयाच्या भिंतीला टेकलेली असते, त्यामुळे वाढणार तो हप्ताच. मात्र याची दुसरी बाजूही आहे. वरच्याच वीस लाखांची मुदत दहा वर्षांची असती, तर तीच दरवाढ होऊन हप्ता सुमारे २३,००० वरून २५,६०० झाला असता आणि कर्ज फिटत राहिलं असतं. कमी मुदतीच्या कर्जाला व्याजदराचा वारा कमी लागतो. पाव टक्का स्वस्त मिळावं म्हणून दहा शाखांचे उंबरे झिजवण्यापेक्षा पन्नाशीतल्या माणसाने दोन लाख कमी कर्ज कसं काढता येईल ते बघावं.

बदलत्या दराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडायला व्यक्तीकडून दंड घेता येत नाही. ग्रॅच्युइटी आली की काही रक्कम भरता येते. भरताना "हप्ता कमी करा" की "मुदत कमी करा" हे लेखी द्यावं.

"मी गेल्यावर कर्ज कुणाच्या बोडक्यावर?"

हे शब्द माझे नव्हेत, एका काकूंचे. नवऱ्याच्या शेजारी बसून त्यांनी मला सरळ हेच विचारलं होतं आणि काका खाली बघत होते.

कर्जदार गेला तर सहकर्जदार असल्यास पूर्ण जबाबदारी त्याच्यावर. नुसते वारस असतील, तर वारशात जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच त्यांची जबाबदारी. स्वतःच्या पगारातून बापाचं कर्ज फेडायला त्यांना कुणी भाग पाडू शकत नाही. पण घर बँकेकडे तारण असल्याने ते ठेवायचं तर बाकी भरावी लागतेच.

यासाठी कर्जाचा विमा असतो. पन्नाशीनंतर तो महाग पडतो, साखर-रक्तदाब निघाले की आणखी महाग. त्याचा एकरकमी हप्ता बऱ्याचदा कर्जातच मिसळला जातो, मग त्यावरही वर्षानुवर्षं व्याज चालू. बँकेनेच पुढे केलेला विमा घ्यायची सक्ती नसते, बाहेर चौकशी करता येते. तरीही बायकोला स्वतंत्र उत्पन्न नसेल तर मी विमा घ्या असंच म्हणेन, महाग असला तरी.

कर्ज फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत द्यायचे आणि बोजा उतरवायचा, अशी रिझर्व्ह बँकेची सक्ती डिसेंबर २०२३ पासून आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.

माणूस पास, घर नापास

सिबिल झकास, पेन्शन झकास, आणि फाईल घरापाशी अडकली, असं मी किती वेळा बघितलंय! पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी इथे लहान पोरालाही पाठ असते. बँकेच्या इंजिनिअरलाही असते. निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत घर असेल तर बँक मागे सरते. बिल्डरने "पाणी इथवर येत न्हाई" म्हटलं तरी २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कुठवर आलं होतं ते शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारावं.

हद्दीबाहेरच्या गावांत, पाचगाव-उचगाव-कळंब्याच्या बाजूला, सातबारा, एनए (बिगरशेती परवानगी) आणि गुंठ्यांचे तुकडे यांचा घोळ असतो. साठेखतावर, म्हणजे खरेदीआधीच्या करारावर, मोठी रक्कम देण्याआधी वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च करून घ्यावा. उशिरा घर घेणाऱ्याकडे कोर्टात घालवायला वर्षं नसतात.

घराच्या किमतीचंही गणित आहे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, त्यावर ७५ लाखांपर्यंत ८० टक्के, एवढंच बँक देऊ शकते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च सहसा आपल्या खिशातून. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे.

त्यापेक्षा पतसंस्था बरी?

ओळखीची, दारातली, चार कागदांत कर्ज देणारी. पण तिच्यावर रिझर्व्ह बँकेची नजर नसते, वरचे रेपोचे नियम तिला लागत नाहीत आणि व्याज जास्त असतं. दुकानाच्या मालासाठी ठीक. दहा वर्षांच्या घराच्या कर्जासाठी नको.

घर आहे, पैसा नाही

काहींची गोष्ट उलटी असते. राजारामपुरीत बंगला आहे, मुलं परदेशी आणि महिन्याची चणचण. त्यांच्यासाठी २००७ पासून रिव्हर्स मॉर्टगेज, म्हणजे उलटं तारण, ही योजना आहे. साठी ओलांडलेल्या मालकाने घर तारण ठेवायचं आणि बँकेने त्याला दरमहा पैसे द्यायचे. नवरा-बायको हयात असेतोवर त्यांना घरातून कुणी काढत नाही. दोघांच्या पश्चात वारसांनी बाकी भरून घर सोडवावं, नाहीतर बँक विकून उरलेली रक्कम वारसांना देते. मिळणाऱ्या पैशावर प्राप्तिकर नाही.

माझ्या सगळ्या नोकरीत अशी एकही फाईल माझ्या टेबलावर आली नाही. "घर गहाण टाकून खाल्लं" हे ऐकायची आपली तयारी नसते. मुलं पैसे पाठवत नाहीत हे कबूल करण्यापेक्षा माणूस औषधाची गोळी अर्धी करून घेतो.

तर आमचे सर. मी त्यांना शाखेतून परतफेडीचं वेळापत्रक आणायला सांगितलं. महिन्यागणिक किती व्याज, किती मुद्दल, किती बाकी, याचा तो छापील तक्ता. राजघाटाच्या पायरीवर बसून आम्ही त्र्याहत्तरावी ओळ काढली, निवृत्तीनंतरचा पहिला हप्ता. बाकी सोळा लाख एकतीस हजार. सर बराच वेळ त्या आकड्यावर बोट ठेवून बसले.

वाटणीची सगळी रोकड घालून आणि एक खोली कमी असलेला फ्लॅट बघून त्यांनी आता बारा लाखांची, सहा वर्षांची मागणी टाकलीय. हप्ता एकवीस हजारांच्या थोडा वर. काल भेटले तेव्हा हसत होते. म्हणाले, "बँक वीस द्यायला तयार हाय आणि मी बारा मागतोय, तर बँकेतला पोरगा माझ्याकडं संशयानं बघायला लागलाय."